अर्धी अशी, अर्धी तशी

गुलचेहेरबाईंनी कागद पाठवला
बिस्किटांच्या डब्यात, दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून.
सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. विलायतेचा.
कडा चहात बुडवून काढल्यासारख्या,
मधोमध एक खुर्ची,
आणि खुर्चीवर इतक्या बारीक रेघा
की दादांना आधी वाटलं, केस चिकटलेत.
त्यांनी फुंकर मारली.
रेघा हलल्या नाहीत.

भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या करवती किंचाळत असताना
विश्राम मेस्त्रींनी तो कागद तीन दिवस नुसता पाहिला.
अक्षरं इंग्रजी, ती जमेनात.
आकडे मात्र ओळखीचे निघाले;
इंचांचे त्यांनी सूत केले, भिंतीवर खडूनं मांडले.

डावा पाय शेळीच्या मागच्या पायासारखा मुरडलेला,
खाली पंजा, पंजात गोळा,
जणू कुणी लिंबू चोरून पळायच्या बेतात.
उजवा पाय सरळ, चौकोनी, आरपार जाळीचा.
पाठीचंही तेच. डावीकडे वेल लोंबते,
उजवीकडे टोकदार कमानी,
कँपातल्या चर्चच्या खिडक्यांना असतात तशा.

आज मला ठाऊक आहे:
तो चित्रकार एका खुर्चीत दोन खुर्च्या विकत होता.
तांब्याचा पत्रा महाग, कागद महाग,
गिऱ्हाइकानं एक बाजू निवडावी
आणि मनातल्या मनात उलटवून पुरी करावी.
पण हे कागदावर कुठे लिहिलं होतं?
लिहिलं असेलही. इंग्रजीत.

दादांनी शिसव घेतलं.
चित्राला वजन नसतं, ते लाकूड देतं.
चित्रात कुसूही दिसत नव्हतं;
काय कुठे शिरतं, कशाच्या आधारानं उभं राहतं,
ते साहेबानं झाकून ठेवलेलं.
तेवढं दादांनी आपल्या पदरचं घातलं.
अडीच महिने लागले. माझी चौथीची परीक्षा होऊन गेली,
निकाल त्यांनी पटाशी न थांबवता ऐकला.

खुर्ची झाली.
डावं डाव्यासारखं, उजवं उजव्यासारखं,
चित्राबरहुकूम, अर्ध्या सुताचाही फरक नाही.

बाई रिक्षातून उतरल्या, पाहिलं, हसू लागल्या.
इतक्या, की बसावं लागलं.
बसल्या त्याच खुर्चीवर.
खुर्ची कुरकुरली नाही.
मग पर्स उघडून ठरल्यातले अर्धे पैसे मोजले.
"अर्धीच माझी आहे, विश्राम. ही डावी."
दादांनी नोटा कपाळाला लावल्या
आणि खुर्ची ठेवून घेतली.

तिच्यावर मग उधारीवाले बसले,
विम्याचा एजंट बसला, शेजारचा पॉलिशवाला मुनाफ,
आणि मी, पाय जमिनीला पुरत नव्हते तेव्हापासून.
एक हात वेलीवर, एक कमानीवर.
दुसऱ्यांच्या घरातल्या खुर्च्या मला
कितीतरी दिवस चुकलेल्या वाटायच्या.

आता बाणेरच्या ऑफिसात पडद्यावर मी फर्निचर काढते.
अर्धं काढायचं, एक कळ दाबायची,
उरलेलं अर्धं मुकाट येऊन उभं राहतं.
कधीकधी कळ दाबायच्या आधी
मी थोडी थांबते.
साहेब विचारतात, सिस्टम हँग झाली का?

परवा बैठक नव्यानं विणायला खुर्ची उलटी केली.
आतल्या पट्टीवर, जिथे कुणी बघत नाही,
दादांची पेन्सिल:
बाईंना विचारणे, असं असणार.
असणार म्हणते, कारण पुसायला म्हणून
रंध्याचा एक हात फिरवलेला, आणि तिथेच थांबवलेला.
बाई गेल्यात. वर एक अनुस्वार तेवढा तरंगतोय,
पुढचं शाबूत आहे:

ना विचारणे.

वेत बादलीत भिजत पडलाय.